मी आणलेली लेन्स

पप्पा, जय भीम.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. एका घरात राहणाऱ्या बापलेकीला पत्राची काय गरज? चाकणहून परत येताना कंपनीच्या बसमधून फोन करायचे, "जेवलात का, गोळी घेतली का" विचारायचे, तुम्ही "व्हय" म्हणायचात आणि मी ठेवून द्यायचे. आता मात्र एक गोष्ट अशी झाली आहे की ती तुम्हालाच सांगायला हवी, आणि सांगितल्याशिवाय मला घास गोड लागत नाही.

येत्या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतंय. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. प्रशिक म्हणाला, "ताई, तू दोन शब्द बोल. तुला बोलायची सवय आहे." माझा धाकटा भाऊ मला टोमणा मारतोय की कौतुक करतोय हे मला अजून कळत नाही, पण मी हो म्हणाले. मग वही घेऊन बसले आणि पहिलंच वाक्य सुचेना. कारण तुमच्याबद्दल चारचौघांत मी याआधी एकदा बोलले आहे. आणि जे बोलले ते खोटं होतं. मला ते माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

मला ते दहा दिवसांपूर्वी कळलं, पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात.

पण नीट क्रमानं सांगते. मी क्रमानंच सांगते हे तुम्हाला माहीत आहे.

तुमचा कॅमेरा घरात आला तेव्हा मी चौथीत होते. तुम्ही पिंपरीच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होतात, आणि त्या दिवाळीला एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून तो जुना घेतलात. वस्तीत बाकी ज्यांच्याकडे असले मोठे कॅमेरे होते ते हातानं फोकस करायचे. तुमचा आपोआप करायचा. बटण अर्धं दाबलं की आतून घर्र असा आवाज यायचा, लेन्स पुढेमागे फिरायची आणि जागेवर थांबायची. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "ह्यो सोताच बघतो. आपुन निस्तं हुबं ऱ्हायाचं." आम्ही पोरं तो घर्र आवाज ऐकायला रांग लावायचो. कितीदा तर तुम्ही आत रोल न घालताच आमचे फोटो काढलेत. आम्ही पुढचे पंधरा दिवस ते कधी येणार म्हणून विचारत राहायचो. हे तुमचं लबाडीचं काम मला दहावीत कळलं.

आठवडाभर प्रेसचा दणदणाट आणि रविवारी गळ्यात कॅमेरा. कुणाचं बारसं, कुणाच्या शाळेच्या फॉर्मवरचा फोटो, जयंतीची मिरवणूक. वस्तीतल्या निम्म्या घरांत जे म्हातारे हार घालून भिंतीवर बसलेत ते तुम्ही काढलेले आहेत. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले तरी म्हाताऱ्या बाया तुम्हालाच बोलवायच्या. म्हणायच्या, मोबाईलात आमी लई काळ्या येतो, तुमच्या डब्यात बऱ्या येतो.

मग लेन्सला बुरशी लागली. लोखंडी कपाटात पावसाळे काढून काढून काचेच्या आतल्या अंगाला पांढरे धागे धरले. तुम्ही ती खिडकीशी धरून फिरवून फिरवून बघत होतात. तेव्हा मी मनात ठरवलं की पप्पांना नवी लेन्स घ्यायची. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीत कायम झाले त्याच महिन्यात ती घेतली.

माझं काम तुम्हाला किती वेळा समजावून सांगितलं असेल. पेटीतून पार्ट येतात. त्यांची भोकं तपासायला एक गेज असतं. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. तुम्ही हसून म्हणाला होतात, "म्हंजी दिवसभर हेच बघायाचं, काय कशात बसतं आन् काय बसत न्हाई?" हो पप्पा. हेच बघायचं. याचाच मला पगार मिळतो.

आणि मी लेन्स कशी निवडली? बसमध्ये बसून, मोबाईलवर. कंपनी तीच, जी कॅमेऱ्यावर लिहिलेली. मागची खोबण तीच. खाली लिहिलंही होतं की या कंपनीच्या कॅमेऱ्यांवर बसते. बसलीच की. खोका उघडून मी स्वतः तुमच्यासमोर ती लावली, अर्धा वळसा दिला, खट्ट आवाज आला. मी म्हणाले, "फिटमेंट ओके." आई हसली. तुम्ही कॅमेरा उचललात, खिडकीकडे तोंड करून डोळ्याला लावलात आणि बराच वेळ तसेच उभे राहिलात. मग खाली घेतलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "एक नंबर."

त्या वेळी मला केवढा अभिमान वाटला होता! आता मला तो बराच वेळच आठवत राहतो.

त्यानंतर मी दर आठवड्याला विचारायचे, "काढले का फोटो? दाखवा की." तुम्ही म्हणायचात, "रोल संपू दे गं." तो रोल काही संपला नाही, आणि प्रशिकचं लग्न आलं.

पन्नास माणसांचीच परवानगी होती त्या दिवसांतलं लग्न. आधी ठरवलेला फोटोग्राफर दोन दिवस आधी तापानं पडला. प्रशिक म्हणाला, मोबाईलवर काढू. तुम्ही म्हणालात, "म्या हाय की." इतक्या सहज म्हणालात, जशी काही कुणीतरी विचारेल याचीच वाट बघत होतात.

लग्नाच्या सकाळी तुमच्या गळ्यात कॅमेरा होता आणि त्याला जुनी लेन्स लावलेली होती. बुरशीवाली. मी बघितलं आणि माझं टाळकं फिरलं.

"पप्पा, आज तरी ते बुरसटलेलं काढा. नवी कशाला आणलीये मी?"

"ऱ्हाऊ दे गं. हिची सवय हाय हाताला."

"मी आणली म्हणून लावत नाही का?"

तुम्ही जुनी काढलीत, नवी लावलीत. आणि मी काय केलं? जुनी उचलून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली, म्हणजे तुम्ही माझ्या पाठीमागे बदलायला नकोत. एवढी मी हुशार.

हॉलमध्ये तुम्ही सारखे ओरडत होतात, "हलू नगा. श्वास धरून ठिवा. आजून थोडं." सगळे हसत होते. अश्विनीचा, म्हणजे आपल्या सुनेचा, मामा म्हणाला, "व्याही, फोटो काढताय का एक्स-रे?" तुम्हीही हसलात. मग एकदम मागे मागे सरकत भिंतीला टेकलात. शेवटी तर नवरानवरीसकट सगळ्यांना उठवून दारात उन्हात नेलंत. मला राग आला होता, जेवणाला उशीर होतोय म्हणून.

पुण्याहून फोटो धुऊन यायला पंधरा दिवस लागले. नेमके त्याच दिवशी अश्विनीची आई आणि तो मामा आलेले. पाकीट तुमच्या हातात होतं, मी ते ओढून घेतलं. पहिला फोटो मंचावरचा. चारही कोपरे काळेकुट्ट, पाइपातून बघितल्यासारखं, आणि मध्ये अंधारात दोन हललेली माणसं. दुसरा तसाच. तिसरा तसाच. अश्विनीची आई म्हणाली, "अगं बाई, हिचं तोंडच दिसत नाही यात." मामानं विचारलं, हे काळं काय आहे? मी म्हणाले, बोटं मध्ये आली असतील. पाच फोटो बघितले आणि गठ्ठा परत पाकिटात कोंबला.

मग मी बोलले. तुमच्यासमोर, सगळ्यांसमोर.

"पप्पांना आता दिसत नाही हो. हातही थरथरतात. आमचंच चुकलं, त्यांच्या हातात कॅमेरा द्यायलाच नको होता."

तुम्ही खाटेच्या कडेला बसला होतात. खाली बघून म्हणालात, "व्हय. वय झालं आता." आणि पाहुण्यांना पाणी आणायला स्वतः उठून आत गेलात.

त्यानंतर मी तुमची काळजी घेतली, पप्पा. माझी काळजी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तुम्ही तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचलीत. डॉक्टर म्हणाले, या वयाला नजर उत्तम आहे, मोतीबिंदू आत्ता कुठे सुरू होतोय. मी त्यांच्याशीच भांडले, मग फोटो असे का येतात? ते म्हणाले, "ते मी कसं सांगणार?" रिक्षात मी तुम्हाला म्हणाले, तुम्ही ती ओळ आधीच पाठ केली असेल. तुम्ही नुसते हसलात. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलेलं मी मानलं नाही, कारण माझा निकाल आधीच लागला होता.

मग स्कूटर प्रशिककडे गेली. दिसत नाही त्या माणसानं हायवेला स्कूटर कशी चालवायची? मग आईनं तुम्हाला एकट्याला मंडईत पाठवणं बंद केलं. रस्ता ओलांडताना ती तुमचा हात धरायची. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली तरी तुम्ही कधी तिच्या बरोबरीनं चालला नव्हतात, चार पावलं पुढे असायचात, आणि आता वस्तीसमोर ती तुम्हाला हाताला धरून नेत होती. बायाही फोटोला बोलवायच्या बंद झाल्या. म्हणायच्या, बिचाऱ्यांना दिसत न्हाई आता. हे त्यांना कुणी सांगितलं असेल? आपल्या घरातूनच गेलं ना ते.

तीन वर्षं तुम्ही विहाराच्या पायऱ्यांवर बसून काढलीत. कॅमेरा कपाटात होता. तुम्ही एकदाही मागितला नाहीत, आणि मी एकदाही विचारलं नाही.

मग त्या सकाळी चहा पिता पिता छातीला हात लावलात. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता दुकानाचं सांगते.

मला वाटलं, वर्षाच्या कार्यक्रमाला जे जे येतील त्यांचे फोटो तुमच्याच कॅमेऱ्यानं काढावेत. जमेल का नाही माहीत नव्हतं. सुट्टी टाकली, कॅमेरा, नवी लेन्स, जुनी लेन्स सगळं पिशवीत घातलं आणि कॅम्पात गेले. फिल्मच्या कॅमेऱ्याला अजून हात लावणारे एकच हरीशेठ उरलेत. छोटंसं दुकान, बाहेर मोबाईलची कव्हरं टांगलेली, आत एका बाजूला त्यांचं टेबल. तुम्ही कधी गेला असाल म्हणून मी मोबाईलमधला तुमचा फोटो दाखवला. त्यांना तुम्ही आठवला नाहीत. मला उगाच वाईट वाटलं.

त्यांनी नवे सेल घातले, माझी लेन्स लावली आणि बटण अर्धं दाबलं. काहीच आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, ही लेन्स याला कुणी लावली?"

मी म्हणाले, "का? बसते की."

"बसते. चालत नाही ना."

मग त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून एक जुनी लेन्स काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी उलट्या ठेवून मला दाखवलं. तुमच्या कॅमेऱ्याची मोटर त्याच्या स्वतःच्या पोटात आहे. तोंडाशी एक बारीक स्क्रू बाहेर येतो, तो लेन्सच्या मागच्या खाचेत बसतो आणि लेन्स फिरवतो. घर्र आवाज त्याचाच. माझ्या लेन्सला ती खाचच नाही. नव्या लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आत असते, आणि ती चालवायची कशी हे तुमच्या जुन्या कॅमेऱ्याला माहीतच नाही. म्हणजे सगळा फोकस हातानं करायचा, तोही पुढच्या टोकाला असलेल्या बोटभर प्लास्टिकच्या कडीनं.

"आणि हे बघा," हरीशेठ म्हणाले. जुन्या लेन्सवर आकड्यांची एक रिंग होती. आतलं भोक किती उघडायचं ते त्या रिंगनं ठरतं. माझ्या लेन्सवर रिंग नाही. नवे कॅमेरे ते आतूनच ठरवतात. तुमचा ठरवू शकत नाही, म्हणून फोटो काढताना भोक कायम सगळ्यात बारीक राहतं. प्रकाश कमी, म्हणून शटरची झडप जास्त वेळ उघडी. समोरच्या माणसानं नुसता श्वास घेतला तरी तो फोटोत हलणार.

हलू नगा. श्वास धरून ठिवा.

मी त्यांच्याकडे स्टूल मागितलं आणि बसले.

"तिसरी गोष्ट राहिली," ते म्हणाले, "ती सांगत नाही. डोळा लावून बघा."

पप्पा, आयुष्यात मी पहिल्यांदा तुमच्या कॅमेऱ्याला डोळा लावला. आजवर मी कायम त्याच्या समोरच उभी होते. समोरचा रस्ता, रिक्षा, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ सगळं दिसत होतं, आणि चारही कोपरे काळे होते. फोटोत होते तस्सेच. हरीशेठ सांगत होते की ही लेन्स डिजिटलच्या लहान चौकटीसाठी बनवलेली, फिल्मची चौकट मोठी, हिचा प्रकाश कडेपर्यंत पोचत नाही. मी मध्येच विचारलं, "हे फोटो काढणाऱ्याला आधीच दिसतं?"

ते हसले. "दिसतं म्हणजे? लावल्या लावल्या दिसतं. आंधळ्यालाच दिसणार नाही."

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

तुम्ही खिडकीशी कॅमेरा धरून बराच वेळ उभे होतात. तुम्हाला घर्र आवाज आला नसणार. रिंग चाचपली असेल, सापडली नसणार. कोपरे काळे दिसले असणार. पहिल्याच मिनिटाला तुम्हाला सगळं कळलं होतं. आणि मग तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून "एक नंबर" म्हणालात.

मी तुमची जुनी लेन्सही त्यांना दाखवली. त्यांनी ती लावली, बटण दाबलं, आणि घर्र आवाज आला. दुकानात बसून मी लहान पोरीसारखी रडायला लागले. हरीशेठ घाबरले. म्हणाले, "ताई, ही चांगली आहे अजून. बुरशीमुळे थोडं धुकट येईल, बस." थोडं धुकट! त्या दिवशी मी कुलूप लावलं नसतं तर प्रशिकचं लग्न थोडं धुकट आलं असतं आणि बाकी सगळं आलं असतं.

त्यांनी डब्यातल्या चार लेन्स माझ्यापुढे ठेवल्या. या खेपेला मी घाई केली नाही. प्रत्येकीच्या मागे खाच आहे का बघितलं, आकड्यांची रिंग फिरवली, ती फिल्मच्याच काळातली आहे का विचारलं, आणि कॅमेऱ्याला लावून, डोळा लावून चारही कोपरे बघितले. एक लहानशी, झूम न होणारी निवडली. माणसांच्या फोटोला हीच चांगली, असं हरीशेठ म्हणाले. तुमची जुनी घ्यावी असं फार वाटत होतं, पण तुम्हीच म्हणाला असतात, धुकट कशाला, चांगली घे. जुनी त्यांच्याकडे साफ करायला ठेवली आहे.

घरी येऊन ते पाकीट शोधलं. चार वर्षांनी उघडलं. निगेटिव्हवर नंबर असतात ना, त्या क्रमानं छत्तीसच्या छत्तीस फोटो खाटेवर मांडले. जे तेव्हा करायला हवं होतं ते आता केलं.

पहिले पाच काळ्या कोपऱ्यांचे. सहाव्यापासून कोपरे उजळायला लागलेत. तुम्ही मागे सरकून भिंतीला टेकलात ना, तिथून झूम करून काढलेत, आणि झूम केलं की काळं कमी होतं हे तुम्ही उभ्या उभ्या शोधून काढलंत. पुढच्या फोटोंत माणसं ताठ, श्वास धरून, छाती फुगवून उभी आहेत, पण हललेली नाहीत. आणि शेवटचे आठ, दारातले, उन्हातले, स्वच्छ. अश्विनीचं तोंड लख्ख दिसतंय, ती मामाकडे बघून हसतेय, तिच्या दातात अडकलेला सकाळच्या पोह्यांतला कोथिंबिरीचा तुकडासुद्धा दिसतोय. न चालणारी लेन्स तुम्ही एका रोलमध्ये चालवून दाखवलीत. आणि मी पाच बघितले.

आमच्याकडे कुणी पेटीतल्या वरच्या थरातले पाच नग काढून अख्खी पेटी परत पाठवली, तर मी त्याची सालटी काढते.

सोमवारी कामावर गेले तर टेबलावर एक रिपोर्ट आला होता. लाइनवर काही पार्ट बिघडले होते. कारणाच्या रकान्यात सुपरवायझरनं लिहिलं होतं, ऑपरेटरची चूक. असा रिपोर्ट मी कायम परत पाठवते. लाल पेनानं लिहिते, हे कारण नाही, पुढे विचारा, का झालं, पुन्हा का झालं. माणसावर ढकललं की सगळ्यांचं काम सोपं होतं, म्हणून आमच्याकडे ते उत्तर चालतच नाही. नव्या पोरांना हे मीच शिकवते. त्या दिवशी लाल पेन हातात धरून मी तशीच बसून राहिले.

मी तुमच्यावर चिडलेही आहे, पप्पा. खोटं कशाला सांगू? एक वाक्य होतं. "पोरी, ही लेन्स ह्याला चालत न्हाई." बस. मी दोन दिवस गाल फुगवून बसले असते, लेन्स परत केली असती आणि तिसऱ्या दिवशी विसरले असते. मला एवढी नाजूक समजत होतात का? की नव्यानंच कायम झालेल्या क्वालिटीवाल्या पोरीला पाहुण्यांसमोर कसं म्हणायचं की तुझं चुकलं, असं वाटलं तुम्हाला? बरं, त्या दिवशी नाही बोललात. नंतर तीन वर्षं होती की. स्कूटर गेली तेव्हा बोलायचं. मी डॉक्टरशी भांडत होते तेव्हा तरी बोलायचं. तुम्ही माझी चूक तुमच्या डोळ्यांवर घेतलीत आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाहीत. हे काही बरं केलं नाहीत तुम्ही.

आईला सांगायला मला चार दिवस लागले. संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी फोटो, माझी ती चुकीची लेन्स आणि हरीशेठकडून आणलेली लेन्स घेऊन तिच्यासमोर बसले आणि हरीशेठनी दाखवलं तसं सगळं दाखवलं. तिला मोटरबिटर काही कळलं नसावं. ती मेथीच निवडत होती. मी थांबले तशी तिनं मान वर केली.

"मंग त्यांना दिसत हुतं?"

"हो."

"समदं?"

"हो आई. सगळं."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तीन वर्सं म्या त्यांना रस्ता वलांडू दिला न्हाई एकट्याला. लोक बघायचे. म्या म्हणायची, दगड हाय, जपून. पायरी हाय, जपून. ते म्हणायचे, व्हय. एकदाबी हात सोडवून घेतला न्हाई त्यांनी."

आणि मग ती रडली. तुम्ही गेलात त्या दिवशी रडली नव्हती तेवढी रडली. रडता रडता म्हणाली, "मला तरी सांगायचं."

पप्पा, तुमची माफी मी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच "असू दे गं" म्हणाल, आणि तुमचं असू दे मला आता नको आहे. तुमच्या असू देमुळेच हे इतकं लांबलं.

त्यापेक्षा शब्द देते. रविवारी विहारात अश्विनीची आई असेल, मामा असेल, तुम्हाला बोलवायच्या थांबल्या त्या सगळ्या बाया असतील. प्रशिकनं मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. तुम्ही किती कष्ट केलेत, किती साधे होतात, असलं काही मी बोलणार नाही. ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोर उभी राहीन आणि सांगेन की लेन्स मी आणली होती, ती चुकीची होती, चांगली होती ती मी कुलपात घातली, आणि माझ्या वडिलांना अखेरच्या दिवसापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं.

तुमची,
सुजाता